हॅण्डब्रेक सोडला तरी चाक धरून का राहते?

मुरुड, राजपुरी, मजगाव, नांदगाव आणि खाडीपलीकडे दिघी, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातील आमच्या कितीतरी व्यापारी व कारागीर बांधवांचा धंदा आजही जुन्या गाडीवर चालतो. कुणाची मारुती ओम्नी आहे, कुणाची मारुती ८००, तर कुणी वडिलांच्या वेळची पद्मिनी जपून ठेवली आहे. मारुती ८०० तयार होणे २०१४ साली थांबले, ओम्नी २०१९ साली. पण ती कारखान्यात थांबली, रस्त्यावर नव्हे. कापडाचे गठ्ठे, बर्फातली मासळी, सुताराची हत्यारे, लग्नाच्या देगा, सर्व काही अजून याच गाड्यांतून जाते. या गाड्यांचा एक आजार आमच्या किनाऱ्यावर फार दिसतो. हॅण्डब्रेकचा दांडा खाली केला तरी मागचे एखादे चाक, कधी दोन्ही, सुटत नाहीत. गाडी चालते, पण कोणी मागून धरून ठेवल्यासारखी चालते.

आमचा व्यवसाय कापडाचा, गॅरेजचा नव्हे. पण माल आणण्यासाठी जुनी व्हॅन ठेवायची तर तिची नाडी ओळखावी लागते, आणि इतक्या वर्षांत उस्ताद मिस्त्रींच्या शेजारी बसून जे पाहिले व पडताळले ते येथे मांडत आहोत. सर्व दुरुस्ती मालकाने स्वतः करावी असा आग्रह नाही. पण दोष नेमका कोठे आहे हे अर्ध्या तासात समजू शकते, आणि ते समजल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत एवढाच आमचा सांगण्याचा हेतू आहे. कारण वरून एकसारखा दिसणारा हा आजार मुळात तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो, आणि एका ठिकाणचा इलाज दुसऱ्या ठिकाणी केला तर पैसे जातात व दोष राहतो.

प्रथम नुकसानीचा हिशेब पाहू. समजा ओम्नी लिटरला १४ किलोमीटर देते. मुरुडहून मुंबईला जाऊन यायचे म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे मजल होते, तेव्हा साधारण साडेतेवीस लिटर पेट्रोल लागेल. ब्रेक धरून राहिल्यामुळे तीच गाडी १२ वर आली तर सव्वासत्तावीस लिटरच्या आसपास लागेल. म्हणजे एका खेपेला पावणेचार ते चार लिटर जास्त. पेट्रोल लिटरला शंभराच्या पुढे असताना ही रक्कम एका खेपेच्या नफ्यातला मोठा तुकडा खाऊन जाते. शिवाय लायनर घासून संपतात, चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस वितळते, ते ऑइलसीलमधून बाहेर येऊन लायनरवर पडते, आणि मग तोच ब्रेक गरजेच्या वेळी लागत नाही.

पण पैशापेक्षा मोठा धोका उष्णतेचा आहे. सतत घासणारा ड्रम इतका तापतो की हात जवळ नेववत नाही. व्हॅनमध्ये मागच्या चाकांच्या वरच माल भरलेला असतो, आणि कापड व कागदी पुठ्ठे यांना पेटायला निमित्त पुरते. याखेरीज तापलेल्या ड्रममुळे आतले ब्रेक ऑइल उकळू लागते. डॉट ३ जातीचे नवे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. पण हे द्रव हवेतील ओल शोषून घेते, आणि ओल शोषलेल्या द्रवाच्या बाबतीत तेच प्रमाण १४० अंशांवर येते. आमच्या किनाऱ्यावर हवेत ओल किती असते हे वेगळे सांगायला नको. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि उतारावर पायाखालचा ब्रेक पेडल स्पंजासारखा खाली जातो. म्हणजे दोष हातब्रेकचा, आणि दगा देतो पायब्रेक. माल आपला असेल तर नुकसान आपले. पण गिऱ्हाइकाचा माल आणि शेजारी बसलेला माणूस ही अमानत आहे.

आता यंत्रणा समजून घेऊ. या बहुतेक जुन्या गाड्यांत हॅण्डब्रेक मागच्या दोन चाकांवर काम करतो. दांडा ओढला की त्याच्या मुळाशी असलेली दातेरी पट्टी ‘कटकट’ आवाज करीत अडकत जाते. दांड्याला जोडलेली वायर पुढे जाऊन एका लहान तराजूसारख्या पट्टीला मिळते, आणि तिच्यापासून दोन्ही चाकांकडे जोर सारखा वाटला जातो. ही वायर धातूच्या वेटोळ्यांच्या नळीतून, म्हणजे आऊटरमधून, धावते. ड्रमच्या आत अर्धगोल आकाराचे दोन ब्रेक शू असतात. मागच्या शूला वरच्या टोकाशी एक लिव्हर खिळलेली असते, तिच्या खालच्या टोकाला वायर अडकते. वायर ओढली की लिव्हर मधल्या आडव्या पट्टीला ढकलते, पट्टी पुढच्या शूला ढकलते, आणि दोन्ही शू फाकून ड्रमला भिडतात. वायर सैल झाली की स्प्रिंगा शूंना पुन्हा जवळ ओढतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ब्रेक लावताना माणसाच्या हाताचा जोर असतो. ब्रेक सोडताना हाताचा जोर नसतो, फक्त स्प्रिंगांचा असतो. म्हणून वायर थोडी गंजली तर ब्रेक लागतो व्यवस्थित, पण सुटत नाही. ‘ब्रेक तर छान लागतो, मग वायर खराब कशी?’ असे पुष्कळ जण विचारतात, त्याचे उत्तर हेच आहे.

जुन्या विलीज घडणीच्या जीपगाड्यांचा मामला निराळा आहे. त्यांचा हॅण्डब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. त्या गाडीच्या मागच्या चाकात दोष शोधत बसणे व्यर्थ आहे.

आजाराची लक्षणे सोपी आहेत. सपाट रस्त्यावर गिअर काढला की गाडी पूर्वीसारखी लांब न जाता लवकर थांबते. दहा-पंधरा किलोमीटर चालून आल्यावर एका मागच्या चाकाजवळ हात नेला तर भट्टीसारखी धग लागते आणि दुसरे चाक कोमट असते. हात ड्रमला लावू नये, फक्त जवळ न्यावा. शंका राहिली तर बोटाने पाण्याचे दोन थेंब शिंपडावेत; चर्रर आवाज आला तर समजावे. मात्र तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी कधीच ओतू नये, बीडाचा ड्रम तडकतो किंवा वाकडा होतो. जळक्या लायनरचा उग्र वास येणे आणि ड्रमवर निळसर झाक दिसणे ही दुखणे जुने झाल्याची खूण आहे. डॅशबोर्डवरील लाल दिवा विझत नसेल तर दांड्याच्या दात्यात अडकलेली खीळ पूर्ण सुटते की नाही तेही पाहावे. पुष्कळदा तेथे फक्त धूळ, वाळू आणि सुकलेला चहा असतो. पण ब्रेक ऑइल कमी झाले तरी तोच दिवा काही गाड्यांत लागतो, तेव्हा ऑइलची डबीही उघडून पाहावी.

आता खरी कसोटी. गाडी सपाट जागी थंड होऊ द्यावी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हॅण्डब्रेक सोडलेला असावा. मागची बाजू जॅकने उचलून अ‍ॅक्सलखाली मजबूत घोडी लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. हे आम्ही विनंती म्हणून नव्हे, ताकीद म्हणून लिहीत आहोत. मग प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे. हलकी घासण चालेल. पण चाक एका ढकलण्यात एक-दोन फेरेही घेत नसेल तर ते धरून आहे.

पहिली पायरी अशी की वायर जेथे आवळण्या-सोडण्याचा नट असतो, काही गाड्यांत दांड्याच्या मुळाशी रबरी टोपीखाली, काहींत गाडीच्या पोटाखाली, तेथे तो पुरता सैल करावा आणि वायर हाताने चाकाच्या दिशेने मागे ढकलावी. चाक सुटले तर दोष वायरीचा किंवा ती जास्त आवळल्याचा. सुटले नाही तर दुसरी पायरी. त्या चाकाच्या मागच्या बाजूस ब्लीडर निपल असते. त्याला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत ठेवावे आणि निपल अर्धा फेरा उघडावे. जोराची चिळकांडी उडाली व चाक सुटले, तर हॅण्डब्रेक निर्दोष आहे. ब्रेक ऑइलचा दाब आत कोंडला आहे. दोन्ही करूनही चाक सुटले नाही तर दोष ड्रमच्या आत, शू, स्प्रिंग, लिव्हर किंवा बेअरिंगमध्ये आहे. वायर, ऑइल आणि ड्रम ही तीन ठिकाणे याच क्रमाने तपासावीत. या तपासणीला पाना, जॅक, हातभर नळी आणि एक रिकामी बाटली यांपेक्षा जास्त काही लागत नाही.

आमच्या किनाऱ्यावर सर्वात जास्त वेळा दोष वायरीत निघतो, आणि त्याचे कारण मीठ आहे. समुद्रावरून येणारी खारी हवा तर बारा महिने आहेच. पण आगरदांडा ते दिघी या जंगलजेटीवर गाडी चढवताना उतरत्या धक्क्यावर भरतीचे पाणी असते, तेच चाकांनी उडून पोटाखाली जाते. काशीदच्या वा मुरुडच्या पुळणीवर गाडी फिरवण्याची हौस असलेले बांधव ओली खारी वाळू थेट ड्रममध्ये भरून घेतात. आणि मासळी वाहणाऱ्या गाड्यांच्या तळातून बर्फाचे खारे पाणी रात्रभर ठिबकते, ते नेमके मागच्या अ‍ॅक्सलवर आणि वायरींवर. आऊटरचे वरचे प्लास्टिक एका ठिकाणी फाटले की पाणी आत जाते, बाहेर यायला वाट नसते. आत गंज फुगतो, वायर नळीत घट्ट बसते.

वायर पाहायची ती संपूर्ण लांबीभर पाहावी. प्लास्टिक फुगलेले, फाटलेले, सायलेन्सरच्या नळीला टेकून वितळलेले आहे का. आऊटर धरून ठेवणारी क्लिप जागेवर आहे का. टोकाशी असलेली रबरी बुटे शाबूत आहेत का. एक टोक सोडवून वायर हाताने मागेपुढे ओढावी. ती रेशमाच्या धाग्यासारखी सरकली पाहिजे. खरखर लागली तर ती गेली. जुने कारागीर वायर काढून उभी टांगतात, वरच्या टोकाला कागदाची नरसाळी बांधून तेल सोडतात आणि रात्रभर झिरपू देतात. हा हुन्नर वाईट नाही, अडचणीच्या वेळी गाडी घरी आणतो. पण एकदा गंजाने पकडलेल्या वायरीला तेलाने मिळतात ते काही आठवडे. पहिल्या पावसात ती पुन्हा धरते. वायर बदलावी, आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र वायर असेल तर दोन्ही बदलाव्यात. एक नवी आणि एक जुनी ठेवली तर एका चाकावर जोर जास्त, दुसऱ्यावर कमी असे होते.

मालवाहू गाडीबाबत आणखी एक बारकावा आहे, तो गॅरेजमध्ये सहसा कोणी पाहत नाही. गॅरेजला आपण गाडी रिकामी नेतो. रिकाम्या गाडीचे चाक मोकळे फिरते, मिस्त्री म्हणतो दोष नाही, आणि माल भरून निघालो की चाक पुन्हा तापते. याचे कारण असे की माल भरल्यावर मागचे पाटे दबतात, अ‍ॅक्सल वर येतो आणि वायरीचा मार्ग बदलतो. पाटे जुने व बसलेले असतील, किंवा वायर चुकीच्या वाटेने बांधलेली असेल, तर काही गाड्यांत भार पडताच वायर ताणली जाते. तेव्हा मालाच्या गाडीची वायर नेहमीइतका माल भरलेला असताना ताणलेली नाही ना, हे एकदा खाली वाकून पाहावेच. जॅक न लावता, चाके जमिनीवर असताना, वायर बोटाने दाबून अंदाज घेता येतो.

आता वायर जास्त आवळण्याचा दोष. हा माणसाने केलेला दोष आहे आणि फार पसरलेला आहे. लायनर झिजतात, दांडा वर वर येऊ लागतो, दहा-बारा दात ओढला तरी गाडी सरकते. घाईतला फिटर काय करतो, तर वायरीचा नट चार फेरे आवळतो. दांडा पुन्हा खाली लागू लागतो, मालक खूश, दोन मिनिटांत काम. पण आत ड्रममध्ये ती लिव्हर आता आपल्या विश्रांतीच्या जागी परत जातच नाही, शू पूर्ण मिटत नाहीत, आणि ज्या गाड्यांत शू आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा आहे तिचेही काम बिघडते. योग्य क्रम उलटा आहे. आधी वायर सैल करावी, मग ड्रमच्या आतले शू लायनर पाहून जुळवावेत, पायब्रेक काही वेळा दाबून शू मध्यावर बसू द्यावेत, आणि सर्वात शेवटी वायर इतकीच आवळावी की गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या दातांवर ब्रेक लागावा. पुस्तक हाताशी नसेल तर साधारण पाच ते आठ दात हे माप बहुतेक या गाड्यांना चालते. पहिल्याच दाताला चाक घट्ट होत असेल तर ते कसब नव्हे, तो पुढच्या बिघाडाचा बयाणा समजावा.

ड्रम उघडायची वेळ आली तर आधी एक सावधगिरी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसात जाणे घातक आहे. तोंडाने फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने ड्रम साफ करू नये. ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. गॅरेजमधली कोवळी पोरे हे काम उघड्या तोंडाने करताना दिसतात. त्यांना कोणी तरी सांगायला हवे, आणि मालकानेच सांगावे.

ड्रम निघत नसेल तर हातोडीचा मारा करण्याआधी शूची जुळवणी सैल करून पाहावी, कारण ड्रमच्या कडेला झिजून कंगोरा झालेला असतो आणि शू त्यात अडकतात. बऱ्याच मारुती गाड्यांच्या ड्रमला आटे पाडलेली दोन भोके असतात; त्यांत आठ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळले की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. आत चार गोष्टी पाहाव्यात. लिव्हरची खीळ गंजून घट्ट झाली आहे का. ती बोटाने सहज हलली पाहिजे. बॅकप्लेटवर ज्या उंचवट्यांवर शू टेकतात तेथे खाचा पडल्या आहेत का. पडल्या असतील तर शू त्या खाचेत अडकून बसतो. स्प्रिंगा निळ्या पडल्या आहेत का, किंवा मोकळ्या असताना त्यांच्या वेटोळ्यांत फट दिसते का. फट दिसणारी स्प्रिंग पुन्हा वापरू नये. आणि व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल आहे का. उंचवटे पॉलिश पेपरने घासून त्यांवर व लिव्हरच्या खिळीवर ब्रेकसाठी मिळणारे, उष्णता सोसणारे ग्रीस सुईच्या टोकाइतके लावावे. साधे ग्रीस वितळून लायनरवर जाते. ग्रीस किंवा ऑइल लागलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावणे ही काटकसर नव्हे. तो लायनर बदलावाच, आणि दोन्ही चाकांचा एकदम.

तिसरे ठिकाण ऑइलचे. निपल उघडताच चाक सुटले असेल तर तपास पुढे न्यावा. फक्त एकच मागचे चाक धरत असेल तर त्या चाकाच्या व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजला असण्याची शक्यता अधिक. दोन्ही मागची चाके एकाच वेळी धरत असतील तर अ‍ॅक्सलकडे जाणारी रबरी नळी पाहावी. ती बाहेरून चांगली दिसते आणि आतून सुजलेली असते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, परत येत नाही. पुढची चाकेही तापत असतील तर मास्टर सिलिंडर आणि पेडल. पेडल पूर्ण वर आल्यावर त्याला थोडी मोकळी हालचाल असली पाहिजे. ती नसेल तर मास्टर सिलिंडरमधले परतीचे बारीक छिद्र बंदच राहते आणि दाब कोंडतो. पेडलखाली दुमडलेले मॅट अडकूनही पेडल पूर्ण वर येत नाही, तेव्हा आधी मॅट उचलून पाहावे.

ब्रेक ऑइल असे नाव पडले आहे खरे, पण या गाड्यांत पडणारे ते द्रव तेल नव्हे. डबी कमी झाली म्हणून कोणी त्यात इंजिन ऑइलचा थेंब जरी टाकला तरी आतली सर्व रबरे फुगतात आणि चारही चाके धरतात. मग सर्व रबरे, नळ्या व सिलिंडर बदलण्याशिवाय मार्ग राहत नाही. ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, सीलबंद डब्यातलेच घ्यावे, आणि अर्धा उरलेला डबा वर्षभर कपाटात ठेवून पुन्हा वापरू नये. गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, रंग उचलला जातो.

आता त्या इलाजाबद्दल, जो इलाजच नाही. चाक तापते म्हणून वायर कायमची सोडून टाकायची आणि गाडीत एक दगड बाळगायचा, अशा गाड्या आमच्या तालुक्यात कमी नाहीत. जंगलजेटीवर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, खाडीत लाट लागली की सर्व भार हॅण्डब्रेकवर असतो आणि दोन गाड्यांच्या मधून लहान मुले जात असतात. तेथे दगड कामाचा नाही. शिवाय हॅण्डब्रेक हा कायद्याने गाडीचा आवश्यक भाग आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी वाढवण्यासाठी गाडी पेणच्या आर.टी.ओ.कडे न्यावी लागते, तेव्हा ब्रेक तपासले जातात. आणि अशी गाडी विकायची असेल तर वायर सोडलेली आहे हा ऐब गिऱ्हाइकाला आधी सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे. ठाण फाटलेले असताना घडी उलटी करून विकणे आणि हे, यात फरक नाही.

आमचे पुष्कळ कोकणी बांधव आखातात नोकरीला आहेत. त्यांची गाडी वाडीत दहा-दहा महिने उभी असते. हजला गेलेल्या माणसाचीही गाडी चाळीस दिवस उभी राहते, आणि हजचे दिवस पावसाळ्यात आले की गंजाला मोकळे रान मिळते. हॅण्डब्रेक ओढून ठेवलेला असतो. लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये गंज धरतो आणि दोन्ही एकजीव होतात. परत आल्यावर इंजिन सुरू करून जोराने क्लच सोडला तर लायनर शूपासून उखडून ड्रममध्ये अडकतो. अशा गाडीला प्रथम हाताने पुढेमागे हेलकावे द्यावेत. न सुटल्यास चाक काढून ड्रमच्या कडेवर लाकडी मोगरीने सभोवार हलके ठोके द्यावेत. उभी करून जातानाच सपाट जागा पाहून गाडी गिअरमध्ये ठेवली, पुढे-मागे ठोकळे लावले आणि हॅण्डब्रेक सोडून ठेवला तर हा प्रसंग येत नाही. उतारावर मात्र हा प्रयोग करू नये. घरच्या माणसांनी आठवड्यातून एकदा गाडी दोन हात पुढेमागे ढकलली तर आणखी चांगले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि तेव्हापासून मागची चाके उघडलीच गेली नाहीत, त्यांनी ती आता तरी उघडून घ्यावीत.

सुट्या भागांबद्दल थोडेसे. या गाड्यांच्या वायरी, शू आणि सिलिंडर अजून मिळतात. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात नवा माल मिळतो. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुना माल स्वस्तात मिळतो. दरवाजा, काच, बंपर जुने घ्यायला हरकत नाही. पण ब्रेकची वायर, रबरी नळी, सिलिंडर आणि लायनर जुने घेऊ नयेत. जुनी वायर जेथून निघाली तेथे ती बहुधा याच दोषामुळे निघालेली असते. जुनी वायर काढून सोबत न्यावी आणि लांबी लावून पाहूनच नवी घ्यावी. ओम्नीच्या आणि ८०० च्या वायरी एक नव्हेत, आणि दुकानदाराच्या ‘चालून जाईल’वर मुंबईची खेप वाया जाते.

मिस्त्रीला गाडी देताना ‘ब्रेकचे काम करा’ असे मोघम सांगू नये. ‘वायर सैल केल्यावर चाक सुटले’ किंवा ‘निपल उघडल्यावर सुटले’ असे सांगावे. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही, त्याचे काम निम्मे होते. आणि त्याने अर्धा दिवस शोधून पाच रुपयांची स्प्रिंग बदलून दोष घालवला, तर मेहनताना स्प्रिंगचा नव्हे, शोधण्याचा द्यावा. नाही तर पुढच्या वेळी तो स्प्रिंग न शोधता पूर्ण सेट बदलेल, आणि त्यात त्याचा दोष फारसा नसेल.

काम झाल्यावर गाडी लगेच मुंबईच्या खेपेला लावू नये. नेहमीइतका माल भरून काशीदपर्यंत जावे, शक्यतो पायब्रेक कमी वापरावा, तेथे सावलीत थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. मागची दोन्ही चाके सारखीच कोमट असली पाहिजेत. एक तरी जास्त गरम लागले तर परत येऊन पुन्हा पहिल्या पायरीपासून, म्हणजे वायर सैल करून, सुरुवात करावी. सर्व ठीक असेल तर हॅण्डब्रेक थोड्या चढावर, चेहरा चढाकडे आणि नंतर उताराकडे करून, दोन्ही बाजूंनी गाडी धरतो का तेही पाहून घ्यावे. त्यानंतर आठवड्याने वायरीचा नट पुन्हा एकदा तपासावा, कारण नवी वायर पहिल्या काही दिवसांत थोडी ताणते.